मोठ्या ट्रकांच्या सोबतीने गाडी चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार, स्कूटर, सायकल चालवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठे रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतात, कुठे उजवीकडून. म्हणून ‘डावी-उजवी’ न म्हणता ट्रकवाल्यांचेच शब्द वापरले आहेत. स्टिअरिंग असते ती ड्रायव्हर साइड, दुसरी क्लीनर साइड.

१. ट्रक काय, मोटार काय, नियम सगळ्यांना सारखेच. मग ट्रकसाठी वेगळा विचार कशाला?

नियम सारखे असले तरी गाडी सारखी नाही. साधी मोटार दीड टनाच्या आसपास भरते. भरलेला ट्रेलर बऱ्याच देशांत ३६ ते ४० टनांचा असतो, काही ठिकाणी त्याहून जड. त्याला थांबायला जास्त रस्ता लागतो, वळायला जास्त जागा लागते आणि ड्रायव्हर उंचावर बसलेला असला तरी जवळचं त्याला कमी दिसतं. धडक झालीच तर सोसायचं कुणाला, हे सांगायला नको.

‘ट्रकवाले मुजोर असतात’ अशी तक्रार प्रश्नांबरोबर नेहमी येते. असतीलही काही. पण त्यांच्या स्वभावाचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोनच गोष्टी स्वतःला विचाराव्यात: त्याला मी दिसतोय का, आणि त्याला थांबायला जागा आहे का? पुढची बहुतेक उत्तरं या दोन प्रश्नांतूनच निघतात.

२. ट्रकला एवढे मोठे आरसे असतात. तरी ड्रायव्हरला दिसत नाही असं कसं?

आरसा मोठा असला तरी त्यात एका कोनातलंच दिसतं. मोटारीतला मधला आरसा ट्रकमध्ये बहुधा निरुपयोगी, कारण मागे काचेऐवजी हौदा किंवा कंटेनर असतो. त्यामुळे चारही बाजूंना न दिसणारे पट्टे तयार होतात.

अमेरिकेत ‘नो-झोन’ नावाने जी माहिती देतात तिच्यातले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: केबिनच्या पुढे सुमारे ६ मीटर, ट्रेलरच्या मागे सुमारे ९ मीटर, ड्रायव्हर साइडला एका लेनएवढा आणि क्लीनर साइडला दोन लेनएवढा पट्टा. हे आकडे लांब नाकाच्या अमेरिकी ट्रकांचे आहेत. सपाट तोंडाच्या ट्रकमध्ये पुढचा पट्टा लहान होतो, पण पूर्ण जात नाही. बंपरला लागून रस्ता ओलांडणारं लहान मूल तिथेही काचेखाली दडून जातं.

क्लीनर साइडची गोष्ट नीट डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर जमिनीपासून अडीच मीटर उंचावर, केबिनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला. क्लीनरच्या दाराला लागून उभी राहिलेली स्कूटर त्याला खिडकीतून दिसण्यासाठी नजर दाराच्या पत्र्यातून आरपार जायला हवी. म्हणून त्या बाजूला दाराच्या वर, तोंड खाली करून एक जादा आरसा लावतात. त्यातही गाडी दिसते ती चेपलेली, वाकडी आणि लहान.

३. त्याच्या आरशात मला त्याचा चेहरा दिसला. म्हणजे त्याने मला पाहिलं ना?

नाही. तो तुम्हाला पाहू शकतो, एवढंच. चेहरा दिसत नसेल तर मात्र त्याला तुम्ही दिसत नाही, हे पक्कं समजा.

४. ट्रकच्या मागे किती अंतर ठेवावं?

अंतर मीटरमध्ये मोजू नका, सेकंदांत मोजा. ट्रकची शेपूट एखाद्या खांबापाशी किंवा पुलाच्या सावलीपाशी आली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजायला लागा. तुमचं नाक तिथे पोचेपर्यंत चार मोजून व्हायला हवेत. ताशी ८० किमीला हे जवळपास ९० मीटर होतात. पाऊस असेल तर दुप्पट.

मोटारीच्या मागे कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद धरतात, मग ट्रकमागे चार का? मोटारीच्या काचेतून तिच्या पुढचं दिसतं. पुढे ब्रेक लागले की तुम्ही आधीच सावध होता. ट्रक म्हणजे अडीच मीटर रुंद आणि चार मीटर उंच भिंत. तिच्यापलीकडचा सिग्नल, खड्डा, रस्त्यात बसलेलं जनावर, सगळं तुम्हाला ट्रक बाजूला झाल्यावरच कळतं. मागे राहिलात तर भिंत लहान दिसते आणि कडेने पुढचा रस्ता दिसायला लागतो. शिवाय प्रश्न २ मधल्या मागच्या पट्ट्यातून तुम्ही बाहेर येता.

५. ट्रकला थांबायला वेळ लागतो. मग त्याच्या मागे मी जवळ असलो तर बिघडतं कुठे? मी त्याच्या आधीच थांबेन.

तर्क चांगला वाटतो, पण त्यात तीन भोकं आहेत. पहिलं, ट्रक दरवेळी ब्रेक लावूनच थांबेल असं नाही. तो पुढच्या वाहनावर आदळला तर त्याचा वेग एकदम तुटतो आणि तुम्हाला आधी काहीच कळलेलं नसतं. दुसरं, ट्रकचे ब्रेक वाटतात तितके मऊ राहिलेले नाहीत. युरोपात २०१५ पासून नव्या अवजड ट्रकांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे आहेत. समोर अडथळा दिसला की यंत्रणा स्वतःच जोरात ब्रेक मारते. तुम्ही तेव्हा गाण्याचा आवाज वाढवत असाल तर संपलं.

तिसरं भोक सगळ्यांत वाईट. ट्रकचा मागचा भाग जमिनीपासून उंच असतो. मोटार मागून आदळली की तिचं बॉनेट ट्रकखाली सरकतं आणि पहिला मार बसतो तो काचेच्या उंचीवर. बॉनेट चुरगळून धक्का शोषणार, एअरबॅग वेळेवर फुगणार, ही सगळी योजना बंपरला मार बसेल या हिशोबाने केलेली असते. २९ जून १९६७ ला अमेरिकी अभिनेत्री जेन मॅन्सफिल्डची मोटार रात्री वेग कमी केलेल्या ट्रेलरच्या मागे अशीच घुसली. पुढच्या सीटवरचे तिघेही गेले, मागे बसलेली मुलं वाचली. ट्रकच्या मागे खाली लोंबणारा आडवा लोखंडी गार्ड तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेत त्याला आजही ‘मॅन्सफिल्ड बार’ म्हणतात. गार्ड असला तरी वेग जास्त असला किंवा एका कोपऱ्यावर धडक बसली तर तो वाकू शकतो.

ट्रकच्या मागे चिकटून वारा चुकवून इंधन वाचवतात म्हणे, असंही विचारतात. वाचतं, पण त्यासाठी इतकं जवळ जावं लागतं की ब्रेकला जागाच उरत नाही. त्या नादी लागू नका.

६. चार सेकंदांचं अंतर ठेवलं की मधे दुसरा कुणीतरी घुसतो. मग?

घुसू द्या आणि पुन्हा मागे या. दहा जण घुसले तरी घरी पोचायला फार तर एखादा मिनिट उशीर होईल.

७. ओव्हरटेक केल्यावर ट्रकच्या पुढे किती अंतराने लेनमध्ये यावं?

मधल्या आरशात ट्रकचं अख्खं तोंड, म्हणजे छतापासून चाकांपर्यंत आणि खालचा रस्ता दिसेपर्यंत थांबा. बाजूच्या बहिर्गोल आरशावर विसंबू नका, त्यात वस्तू लांब दिसते. आत आल्यावर लगेच ब्रेकवर पाय ठेवू नका.

ट्रकच्या पुढची मोकळी जागा अनेकांना ‘रिकामी’ वाटते आणि ते कट मारून तिथे शिरतात. ती जागा रिकामी नसते, ट्रकवाल्याने ब्रेकसाठी राखलेली असते. अमेरिकेत सुरक्षेच्या प्रचारात देतात तो हिशोब असा: ताशी सुमारे १०५ किमीला मोटारीला पूर्ण थांबायला ९६ मीटर लागतात, ३६ टनांच्या भरलेल्या ट्रेलरला १६०. तेही रस्ता कोरडा, ब्रेक चांगले आणि ड्रायव्हर सावध असताना. यात एअर ब्रेकची गंमत वेगळी. मोटारीच्या ब्रेकमध्ये तेलाचा दाब क्षणात पोचतो. ट्रकमध्ये पायाखालची हवा नळ्यांतून शेवटच्या चाकापर्यंत जायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ घेते, आणि ताशी ९० किमीला तेवढ्यात दहाएक मीटर रस्ता सरून जातो.

तुम्ही आत घुसलात की त्याचं राखीव अंतर एका झटक्यात अर्धं होतं. त्याने हॉर्न मारला तर तो राग नसतो, बहुतेक वेळा घाबरणं असतं.

८. रिकामा ट्रक हलका, म्हणजे लवकर थांबत असेल?

उलट, बऱ्याचदा जास्त रस्ता घेतो. ट्रकचे ब्रेक, पाटे आणि टायर भरलेल्या वजनाच्या हिशोबाने बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की चाकं रस्त्यावर उड्या मारतात, पकड सुटते आणि मागचं अंग घसरू शकतं. खडखडाट करत येणारा मोकळा ट्रक आरशात दिसला तर ‘हलका आहे’ म्हणून त्याच्या पुढे घुसू नका.

९. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायला समोर किती रस्ता मोकळा हवा?

बहुतेक लोक मनात धरतात त्याच्या दुप्पट. हिशोब करून पाहा. ट्रक ताशी ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने. म्हणजे तुम्ही त्याला ताशी २० किमीने, सेकंदाला साडेपाच मीटरने मागे टाकताय. बाहेर पडताना मागे २५ मीटर, ट्रकची लांबी १६, तुमची ४ आणि आत येताना पुढे ३५ धरले तर ८० मीटर झाले. त्याला चौदा सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात तुम्ही ३२० मीटर पुढे गेलेले असता. समोरून कुणी ८० ने येत असेल तर तोही ३२० मीटर जवळ आलेला असतो. म्हणजे ६४० मीटर तर नुसते लागलेच, चुकायला जागा त्यात नाही.

हिशोबात न बसणारी आणखी एक गोष्ट आहे. ट्रकच्या शेपटीला लागून उभं राहिलं तर समोरचं पाहायला अर्धी गाडी पलीकडच्या लेनमध्ये काढावी लागते. मागे राहा, तिथूनच पाहा, रस्ता मोकळा दिसला की आपल्याच लेनमध्ये वेग धरा आणि मग बाहेर पडा. जवळून ओढत ओढत ओव्हरटेक करणं सगळ्यांत लांबतं. चढ संपायच्या आधी, वळणावर, पुलावर किंवा फाटा येत असेल तिथे हा विषयच नको.

१०. ट्रकवाल्याने इंडिकेटर देऊन किंवा हाताने ‘जा पुढे’ म्हटलं. जाऊ का?

ती त्याची चांगली इच्छा आहे, रस्ता मोकळा असल्याची हमी नाही. साइड देण्यासाठी इंडिकेटर वापरायची सवय अनेक देशांतल्या ड्रायव्हरांना आहे. अडचण अशी की तोच इंडिकेटर वळण्यासाठीही देतात. तुम्ही ‘साइड मिळाली’ म्हणून निघालात आणि तो फाट्याकडे वळला, तर सरळ त्याच्या चाकांखाली. त्याला उंचावरून लांबचं दिसतं हे खरं, पण तुमची गाडी किती पळते आणि तुम्ही किती वेळ घेणार, हे त्याला माहीत नसतं. इशारा मिळाला तरी प्रश्न ९ मधला ६४० मीटरचा हिशोब स्वतःच करा.

११. ट्रक ओव्हरटेकच्या लेनमध्येच रेंगाळतोय. क्लीनर साइडने काढू का?

शक्यतो नको. बहुतेक ठिकाणी तो नियमभंग आहे आणि तुम्ही नेमके प्रश्न २ मधल्या सर्वांत रुंद आंधळ्या पट्ट्यातून जाता. ट्रकवाल्याला मागच्यांना साइड द्यायची आठवण येणार आणि तो सरकणार तो तुमच्याच बाजूला. मागे राहा, एकदा डिपर द्या, वाट पाहा.

अपवाद आहेत: गर्दीत सगळ्या लेन रांगेने सरकत असतील, किंवा पुढे लेन वेगळ्या दिशांना फुटत असतील. अशा वेळी ट्रकच्या बाजूने जावंच लागतं. फक्त त्याच्या दारापाशी रेंगाळू नका. पुढे जागा आहे याची खात्री करा, मग एका दमात पार व्हा. जागा नसेल तर ट्रकच्या शेपटीमागेच थांबा.

१२. ट्रक आत वळायचंय म्हणतो आणि आधी बाहेर का जातो?

कारण मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येत नाहीत, आतून कापत जातात. ट्रेलर लांब असला तर हा फरक मीटरांत जातो. पुढचं तोंड कोपऱ्यावर नीट वळवलं तर मागची चाकं फुटपाथवर चढतील, म्हणून ड्रायव्हर आधी बाहेरच्या बाजूला जागा घेतो. मागच्याला वाटतं, हा बाहेर चाललाय, आत रस्ता मोकळा झाला. ती मोकळी दिसणारी फट काही क्षणांत ट्रेलरने भरणार असते.

दुसऱ्या बाजूलाही लक्ष हवं. मागच्या चाकांमागे हौदा लांब बाहेर आलेला असेल तर वळताना त्याची शेपूट बाहेरच्या लेनमध्ये झाडल्यासारखी फिरते. चौकात थांबण्याची रेघ रस्त्यापासून जरा मागे आखलेली दिसते, तीही वळणाऱ्या लांब गाड्यांसाठीच. ती ओलांडून उभे राहिलात तर ट्रकला वळताच येत नाही, आणि तुम्हाला मागे सरकायला जागा नसते.

१३. मी सायकल किंवा स्कूटर चालवतो. माझ्यासाठी वेगळं काही?

एकच पाळलंत तरी पुष्कळ: सिग्नलला ट्रक आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीतून पुढे जाऊ नका. प्रश्न २ मधला आंधळा पट्टा आणि प्रश्न १२ मधलं चाकांचं कापणं, दोन्ही तिथे एकत्र येतात. सिग्नल सुटतो, ट्रक हळूहळू वळतो, तुमच्या बाजूची फट मागून अरुंद होत येते आणि निसटायला जागा उरत नाही. वेग इतका कमी असतो की धोका वाटतच नाही. ट्रकच्या मागे थांबा. पुढे जायचंच असेल तर ड्रायव्हरला काचेतून तुम्ही दिसाल इतकं, बंपरपासून चांगलं लांब जाऊन उभे राहा.

धावत्या ट्रकशेजारून जाताना वाऱ्याचीही तयारी ठेवा. केबिनपाशी हवा तुम्हाला बाहेर ढकलते, शेपटीजवळ आत ओढते, आणि आडवा वारा असेल तर ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताच एकदम फटका बसतो. हँडल घट्ट आवळू नका, दोन्ही हात ठेवा आणि बाजूला जास्त जागा सोडा.

१४. घाटात काय वेगळं?

चढावर उभ्या ट्रकच्या मागे अख्खी गाडीभर जागा सोडा. निघताना तो थोडा मागे येऊ शकतो.

उतारावर भरलेला ट्रक मोठ्या गिअरमध्ये नाही, लहान गिअरमध्ये घुमत, कण्हत उतरतो. तो आळशीपणा नसतो. सतत ब्रेक दाबले तर ते इतके तापतात की पकडच संपते. म्हणून इंजिनच्या जोरावर वेग धरून ठेवतात. अशा वेळी त्याच्या पुढे घुसून ब्रेक मारणं म्हणजे त्याला नेमका तो ब्रेक वापरायला लावणं. पुढच्या ट्रकच्या चाकांतून जळका वास किंवा धूर येत असेल तर अंतर वाढवा. मागच्या ट्रकचे ब्रेक गेल्याचा संशय आला, तो हॉर्न-लाइट मारत वेगाने येत असेल, तर पहिली संधी मिळताच रस्त्याच्या बाहेर व्हा. कडेला चढणीवर वाळू-खडीचा पट्टा दिसला तर तिथे कधीच गाडी उभी करू नका. तो ब्रेक गेलेल्या ट्रकसाठीच असतो.

१५. टँकर, लोखंडाच्या सळया, कंटेनर, सगळ्यांना एकच नियम?

अंतराचा नियम तोच, पण टँकरला थोडं जास्त. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड. ब्रेक लावल्यावर आतलं द्रव पुढे धावतं आणि थांबलेल्या गाडीलाही ढकलतं. आत भोकं पाडलेल्या आडव्या भिंती असतात, पण दूध वगैरे नेणाऱ्या टँकरांत धुण्याच्या सोयीसाठी त्या अनेकदा नसतात. सळया किंवा पाइप बाहेर आलेले असतील तर रात्री त्यांची टोकं दिसत नाहीत. त्या ट्रकमागे राहूच नका.

१६. रात्री कडेला उभा असलेला ट्रक वेळेत कसा ओळखावा?

डिपरवर असताना मोटारीच्या दिव्यांत साधारण ५०-६० मीटरपर्यंतच नीट दिसतं. ताशी ८० ला कोरड्या रस्त्यावरही थांबायला ६०-७० मीटर लागतात. म्हणजे दिवे नसलेला ट्रक दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. उपाय एकच, अंधाऱ्या रस्त्यावर वेग कमी आणि समोर कुणी नसेल तेव्हा अपर. अनेक देशांत लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर फक्त ट्रेलरच्या मागे लावतात, तेव्हा तसा त्रिकोण चमकला तर समोर लांब जोडगाडी आहे असं समजा. आणि पुढचा लाल दिवा झपाट्याने मोठा होत असेल तर तो ट्रक चालत नाहीये.

१७. ट्रक माझ्या मागे अगदी चिकटून येतोय. पळू का थांबू?

दोन्ही नको. वेग वाढवला तर तोही वाढवतो, चिडून ब्रेक मारला तर काय होईल ते प्रश्न ७ मध्ये आहे. पुढच्या गाडीशी अंतर वाढवा, म्हणजे तुम्हाला अचानक ब्रेक मारायची वेळ येणार नाही. मग सावकाश बाजूला होऊन त्याला जाऊ द्या. दोन ट्रकांच्या मधे सापडलात तरी हेच, लेन बदलून बाहेर पडा.

१८. शेजारच्या ट्रकचा टायर फुटला तर?

आवाजाने दचकून स्टिअरिंग फिरवू नका. सरळ चालत राहा, हळूहळू मागे व्हा. जिथे मोठा ट्रक तुमच्या शेजारी दीर्घकाळ चालणार असेल तिथून पुढे किंवा मागे सरका, रबराचे तुकडे उडतात ते बाजूला आणि मागे.

१९. नव्या ट्रकांत कॅमेरे, सेन्सर असतात. मग ब्लाइंड स्पॉट संपले का?

कमी झाले. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या ट्रकांना बाजूच्या सायकलस्वाराची आणि पुढच्या पादचाऱ्याची सूचना देणारी यंत्रणा लागते. लंडनमध्ये तर केबिनमधून थेट किती दिसतं यावरून ट्रकला तारे देतात आणि पुरेसे तारे किंवा जादा सुरक्षा साधनं नसतील तर शहरात येण्याचा परवाना मिळत नाही. पण ट्रक वर्षानुवर्षं चालतात. तुमच्या शेजारचा नवा की जुना, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. जुना समजूनच चाला.

२०. माझीच गाडी ट्रकांच्या वर्दळीत बंद पडली तर?

जमेल तितकी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा. मग गाडीत बसून राहू नका. वर्दळीच्या उलट बाजूच्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे जा. गाडीच्या मागे उभं राहून फोन करणं तर मुळीच नको. मागच्यांना सावध करणारा लाल त्रिकोण ठेवायचा असेल तर तो गाडीला लागून ठेवून उपयोग नाही. वेगवान रस्त्यावर ट्रकला थांबायला १०० मीटरहून जास्त लागतात, म्हणजे त्रिकोण तेवढा तरी मागे हवा. तिथवर सुरक्षित चालत जाता येत नसेल तर त्रिकोण सोडा, कठड्यापलीकडे जा आणि मदतीला बोलवा. वळणाच्या किंवा चढाच्या पलीकडे बंद पडला असाल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधी दिसेल असा.